ज्यांच्या घराला अंगण होतं

शार्लट कूपरच्या घराण्यात एक गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. विम्बल्डनची अंतिम लढत जिंकून ती सायकलवरून घरी आली. घरचा माणूस बाहेर कुंपण कातरत उभा होता. ‘कुठं गेली होतीस?’ त्यानं विचारलं. ‘विजेतेपद जिंकून आले,’ ती म्हणाली. तो काही बोलला नाही. त्याची कात्री चालूच राहिली.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात रडगाणं नाही. १८९५ ते १९०८ या काळात शार्लटनं विम्बल्डनची एकेरी पाचदा जिंकली. सव्विसाव्या वर्षी तिला ऐकू येणं बंद झालं. टेनिस खेळलेल्या कुणालाही विचारा, चेंडूचा आवाज म्हणजे अर्धी बातमी असते. समोरचीनं चेंडू कापून मारलाय की सपाट, हे पुष्कळदा डोळ्याआधी कानाला कळतं. तो कान गेल्यावरही ही बाई जिंकत राहिली. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला आणि वैयक्तिक खेळात विजेती ठरलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव लागलं. विम्बल्डन शेवटचं जिंकलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. तिच्याइतक्या वयात तिथली महिला एकेरी अजून कुणी जिंकलेली नाही.

मी शाळेत पीटी शिकवली आणि सकाळ-संध्याकाळ मुलींना टेनिस. मुलींच्या तोंडी सेरेना असते, सानिया असते. त्यांच्या आधी कोण होत्या, हे सांगायला बसलं की त्या पहिल्यांदा हसतात ते फोटोंना. पायघोळ झगे, कडक कॉलर, डोक्यावर टोपी, हातात जड लाकडी रॅकेट. मग एखादी विचारते, ‘टीचर, या पळत कशा होत्या?’ प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तरही देते. पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे की या बायकांना खेळू कुणी दिलं? ज्या काळात बाईनं घाम गाळणंच असभ्य मानलं जायचं, त्या काळात टेनिसनं त्यांना दार कसं उघडलं?

उत्तर त्यांच्या घरांत सापडतं. जवळजवळ प्रत्येकीच्या घराला अंगण होतं.

गवत कापायचं यंत्र आणि रबरी चेंडू

लॉन टेनिस हा काही पुरातन खेळ नाही. राजेरजवाड्यांचा, चार भिंतींच्या आत खेळायचा एक जुना टेनिस होता. पण हिरवळीवरचा खेळ आला १८७०च्या दशकात. वॉल्टर विंगफील्ड नावाच्या एका निवृत्त मेजरनं १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पेटीत भरून खेळ विकायला काढला. खांब, जाळी, रॅकेट, चेंडू, नियमांचं पुस्तक, सगळं एका पेटीत. किंमत पाच गिनी. त्याआधी काही वर्षं दोन शोध घराघरांत पोचले होते. गवत एकसारखं कापणारं यंत्र आणि गवतावरही उसळणारा रबरी चेंडू. हे दोन्ही नसते तर विंगफील्डची पेटी कुणी घेतली नसती.

आता ही पेटी घेणार कोण? ज्याच्या घरासमोर हिरवळ आहे तो. तिथं आधी क्रोके चालायचा. चहाच्या वेळी पाहुणे जमायचे, तरुण मुलं-मुली लाकडी हातोड्यांनी चेंडू टोलवायची आणि आयांना उपवर मुलांवर नजर ठेवता यायची. टेनिस याच हिरवळीवर आलं, तेही मेजवानीचा भाग म्हणून. क्रिकेट, रग्बी, रोइंग हे शाळा-कॉलेजांतले, क्लबांतले, म्हणजे पुरुषांचे खेळ. टेनिस मात्र घरी आलेलं होतं. घरच्या हिरवळीवर घरच्या मुलीला मनाई कोण करणार? शिवाय पुरुषांना वाटत होतं की हा काही खरा खेळ नाही, चहापूर्वीची करमणूक आहे. त्या गैरसमजाचा बायकांनी पुरेपूर फायदा घेतला.

विम्बल्डनची स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. डब्लिनच्या आयरिश स्पर्धेनं १८७९ मध्येच महिला एकेरी घेतली आणि मे लँग्रिश नावाच्या मुलीनं ती जिंकली. विम्बल्डनला जाग यायला १८८४ उजाडलं. नावं आली तेरा.

पाद्रीबुवांच्या दोन मुली

त्या तेराजणींतून अंतिम लढतीला पोचल्या दोन सख्ख्या बहिणी. एकोणीस वर्षांची मॉड वॉटसन आणि सव्वीस वर्षांची लिलियन. पहिला सेट थोरलीनं ८-६ असा घेतला. पुढचे दोन्ही धाकटीनं ६-३, ६-३ असे घेतले. बक्षीस म्हणून मॉडला वीस गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी मिळाली. हरलेल्या लिलियनला चांदी-काचेचा हातआरसा आणि चांदीच्या पाठीचा ब्रश. म्हणजे खेळायला मैदानावर बोलावलं, पण बक्षीस पाठवलं ते थेट शृंगाराच्या टेबलावर.

या मुलींचे वडील हेन्री विल्यम वॉटसन हे बर्क्सवेल गावचे पाद्री, आणि गणितीही. संख्याशास्त्राचे विद्यार्थी त्यांना आजही ओळखतात, कारण ‘गॉल्टन-वॉटसन प्रक्रिया’ त्यांच्या नावानं आहे. प्रश्न होता फ्रान्सिस गॉल्टनचा. इंग्लंडमधली खानदानी आडनावं नष्ट का होतात? एका माणसाला किती मुलगे होतात, त्यांना किती, असं मोजत गेलं तर आडनाव बुडण्याची शक्यता किती? वॉटसननी गणित मांडून दाखवलं. त्या गणितात मुली धरलेल्याच नाहीत, कारण आडनाव मुलग्यांबरोबर चालतं. आणि गंमत बघा, वॉटसन हे आडनाव विम्बल्डनच्या फळ्यावर सोन्याच्या अक्षरांत लागलं ते त्यांच्या मुलीमुळे.

मॉडनं १८८५ मध्येही विजेतेपद राखलं. १८८६ मध्ये ब्लँश बिंगलीनं तिला हरवलं. त्या वर्षापासून महिलांसाठी ‘चॅलेंज राउंड’ची पद्धत आली होती. आदल्या वर्षीच्या विजेतीनं फक्त शेवटचा एक सामना खेळायचा, बाकीच्यांनी आपसांत लढून तिच्यापर्यंत यायचं. ही पद्धत १९२१ पर्यंत चालली. त्यामुळे त्या काळचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवताना जरा जपून. पण ब्लँशचं एक मानलंच पाहिजे. १८८६ पासून १९०० पर्यंत, लग्नाआधी आणि लग्नानंतरही, तिनं सहा विजेतेपदं मिळवली. पुढे पहिल्या महायुद्धात मॉड वॉटसननं परिचारिका म्हणून काम केलं, त्याबद्दल तिला सरकारी सन्मानही मिळाला.

लॉटी: शाळकरी असण्याचा फायदा

या सगळ्या मंडळींत माझी लाडकी लॉटी डॉड. जन्म १८७१, लिव्हरपूलजवळच्या बेबिंग्टनचा. वडील कापसाचे दलाल. लॉटीच्या जन्माआधीच्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला होता, तेव्हा वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबई बंदरातून याच लिव्हरपूलला जात होता. आपल्याकडे त्या तेजीत शेअरबाजार फुगला आणि फुटला. तिकडच्या कापूसवाल्यांची घरं मात्र भक्कम उभी राहिली. डॉड कुटुंबातल्या चारही भावंडांना पोटासाठी काम करावं लागणार नव्हतं. घराजवळ दोन टेनिस कोर्टं बांधली तेव्हा लॉटी नऊ वर्षांची होती.

१८८७ मध्ये ती विम्बल्डनला आली आणि ब्लँशला ६-२, ६-० असं हरवून विजेती झाली. वय पंधरा वर्षं आणि दोनशे पंच्याऐंशी दिवस. एकेरीतली इतकी लहान विजेती विम्बल्डनला पुन्हा झालेली नाही. वर्तमानपत्रं तिला ‘छोटी करामत’ अशा अर्थाच्या टोपणनावानं ओळखू लागली.

आता पळण्याचा प्रश्न. लॉटी शाळकरी होती, म्हणून तिच्या झग्याची लांबी पोटरीपर्यंतच असली तरी चालायची. मोठ्या बायकांना ती मुभा नव्हती. म्हणजे तिच्या प्रतिस्पर्धी पायघोळ झग्यात कोपऱ्याकडे निघायच्या आणि ही पोर तिथं आधीच पोचलेली असायची. तिची सर्व्हिस खालून होती, पण फोरहँड असा जोरदार की पुरुषांनाही सांभाळावा लागे. १८८८ मध्ये ती अर्नेस्ट रेनशॉ या पट्टीच्या खेळाडूशी प्रदर्शनी सामना खेळली. प्रत्येक गेममध्ये तिला ३०ची सवलत होती. पहिला सेट तिनं घेतला, पुढचे दोन त्यानं ७-५, ७-५ असे कसेबसे.

पाच विजेतेपदं घेऊन एकविसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, तिनं स्पर्धात्मक टेनिस सोडलं. कंटाळा आला असावा! मग ती इंग्लंडकडून हॉकी खेळली. १९०४ मध्ये ब्रिटिश महिलांची गोल्फ स्पर्धा जिंकली. स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाच्या उतारावरून घसरगाडी हाकली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं रौप्यपदक मिळवलं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये तिच्या भावानं, विलीनं, तिरंदाजीचं सुवर्ण. महायुद्धात रेड क्रॉसचं काम केलं. १९६० मध्ये वारली तेव्हा विम्बल्डनचे दिवस होते आणि शुश्रूषागृहात ती रेडिओवर सामने ऐकत होती, असं सांगतात.

मुलींना लॉटीची गोष्ट सांगितली की त्या म्हणतात, ‘केवढं टॅलेंट!’ होतंच. पण घराजवळची दोन कोर्टं, बरोबर खेळणारी भावंडं आणि उद्याच्या जेवणाची चिंता नसणं, हेही त्यात मोजा.

पोलाद घालून खेळणं

कपड्यांबद्दल थोडं मोकळेपणी बोलायला हवं, कारण खेळाचं तंत्रच त्यांनी ठरवलं होतं. झग्याखाली दोन-तीन परकर, आणि कंबर आवळणारा कॉर्सेट. त्याला पोलादाच्या किंवा देवमाशाच्या हाडाच्या पट्ट्या. अशा कॉर्सेटमध्ये हात डोक्यावर नेऊन पाठीची कमान करणं जवळजवळ अशक्य. म्हणून बहुतेक बायका सर्व्हिस खालून करत. शार्लट कूपर वरून सर्व्हिस करायची आणि नेटवर जाऊन चेंडू हवेतच मारायची, त्याचं त्या काळी अप्रूप होतं ते यामुळे. एलिझाबेथ रायन या खेळाडूनं म्हातारपणी एक आठवण सांगितली आहे. महायुद्धाआधी महिलांच्या ड्रेसिंग रूममध्ये शेकोटीवर एक दांडी असे, सामना झाला की तिच्यावर कॉर्सेट वाळत घालायचे. त्यांतले पुष्कळ रक्तानं डागळलेले असत.

ही रायन विम्बल्डनला दुहेरी आणि मिश्र दुहेरीची मिळून एकोणीस विजेतेपदं जिंकली, एकेरी एकदाही नाही.

डोरोथिया लँबर्ट चेंबर्स ही इलिंगच्या पाद्र्याची मुलगी. हिनं १९०३ ते १९१४ मध्ये सात विजेतेपदं घेतली, त्यांतली चार आई झाल्यानंतर. १९११ची अंतिम लढत तिनं ६-०, ६-० अशी जिंकली. १९१० मध्ये तिनं स्त्रियांसाठी टेनिसवर एक पुस्तक लिहिलं. त्यात फटके कसे मारावेत, सराव कसा करावा हे आहेच, शिवाय झगा जमिनीपासून चार-पाच इंच वर असावा, चुणीदार नसावा, असा व्यवहारी सल्लाही आहे. चार-पाच इंच! आज हसू येतं, पण तेवढ्यानं पाय झग्यात अडकून पडायची भीती कमी होत होती, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

तिला १९०५ मध्ये हरवलं कॅलिफोर्नियातून आलेल्या मे सटननं. मे आणि तिच्या बहिणी घरच्या मळ्यातल्या मातीच्या कोर्टावर वाढल्या होत्या. विम्बल्डनला ती आली ती बाह्या कोपरापर्यंत दुमडून. विम्बल्डन जिंकणारी ती पहिली अमेरिकन. इथंही अंगण आहेच, फक्त गवताऐवजी मातीचं.

सुझान

१९१९. महायुद्ध संपलेलं. विम्बल्डनच्या अंतिम लढतीला राजा-राणी बसलेले. एका बाजूला चाळिशीची डोरोथिया, लांब बाह्या, लांब झगा. समोर वीस वर्षांची फ्रेंच सुझान लाँग्लेन, आखूड बाह्या, पोटरीपर्यंतचा हलका झगा, आत कॉर्सेट नाही. सुझाननं पहिला सेट १०-८ घेतला, डोरोथियानं दुसरा ६-४. तिसऱ्यात डोरोथिया ६-५नं पुढे आणि दोन मॅच पॉइंट हातात. त्यांतला एक सुझाननं कसा वाचवला? चेंडू रॅकेटच्या तारांऐवजी लाकडाला लागला, नेटला घासला आणि पलीकडे पडला. तो सेट सुझाननं ९-७ असा काढला. एकूण ४४ गेम. या एका दुपारी बायकांच्या टेनिसचा एक काळ संपला आणि दुसरा सुरू झाला. हे मी म्हणते ते सुझान जिंकली म्हणून नव्हे. डोरोथिया त्या झग्यात ४४ गेम खेळली आणि विजयापासून एका गुणावर होती, हे बघा. त्या झग्याआड केवढा खेळ दडला होता, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

सुझानचे वडील शार्ल तिचे गुरू. लहानपणी दम्यानं बेजार झालेल्या मुलीला त्यांनी खेळायला लावलं. कोर्टावर रुमाल टाकून ठेवायचे आणि चेंडू त्याच्यावर पडेपर्यंत सोडायचे नाहीत. आम्ही मुलींना कोपऱ्यात कोन ठेवून हेच करायला लावतो. पण शार्लबुवा मुलीला भरसामन्यात कोन्याक ब्रँडीत भिजवलेली साखर पुरवायचे, ते मात्र आम्ही करत नाही.

विम्बल्डनच्या जुन्या मैदानात तिला बघायला येणाऱ्यांची गर्दी मावेना. १९२२ मध्ये स्पर्धा मोठ्या जागेत हलली, त्यात तिचा वाटा मोठा. १६ फेब्रुवारी १९२६ ला फ्रान्समध्ये कान इथं ती अमेरिकेच्या हेलन विल्सशी खेळली, तेव्हा लोक आसपासच्या छपरांवर आणि झाडांवर चढून बसले होते. सुझान ६-३, ८-६ जिंकली. आणि ही हेलन विल्स? डॉक्टरची मुलगी. चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी भेट काय दिली, तर बर्कलीच्या टेनिस क्लबचं सभासदत्व.

हौस कुणाला परवडते

त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त ‘हौशी’ खेळाडूंसाठी होत्या. खेळून पैसे घेतले की खेळाडू व्यावसायिक ठरायचा आणि विम्बल्डनचं दार बंद. ऐकायला हे फार उदात्त वाटतं, पण हिशेब मांडा. रॅकेट, प्रवास, हॉटेल, प्रवेश फी हे सगळं खेळाडूनं घालायचं. तिकिटांचे पैसे संयोजकांना. घरी कापसाची दलाली असेल तर हौस परवडते.

१९२६ मध्येच सुझाननं पन्नास हजार डॉलरच्या हमीवर सी. सी. पाइल या अमेरिकन संयोजकाशी करार केला आणि व्यावसायिक दौऱ्यावर निघाली. तिनं तिची बाजू जाहीरपणे मांडली. इतकी वर्षं माझ्या खेळावर क्लबांनी लाखो फ्रँक मिळवले, आणि त्यांना ते मिळवून देण्यासाठी प्रवेश फी मी भरली, हा कुठला न्याय, असं तिचं म्हणणं होतं. विम्बल्डनच्या क्लबनं तिचं मानद सभासदत्व काढून घेतलं. त्या दौऱ्यातले मेरी ब्राउनविरुद्धचे सगळे सामने ती जिंकली. पुढे पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली आणि १९३८ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, पंडुरोगाच्या एका जीवघेण्या प्रकारानं गेली. आज फ्रेंच स्पर्धेच्या रोलँ गॅरो मैदानातलं दुसरं मोठं कोर्ट तिच्या नावानं आहे. डोरोथिया चेंबर्सनंही १९२८ मध्ये पैसे घेऊन शिकवायला सुरुवात केली. एवढी सात वेळची विजेती, पण पुस्तकी हौशीपणातून ती बाहेर पडली. या दोघींचा मला, फी घेऊन शिकवणाऱ्या बाईला, फार आधार वाटतो.

हौशी-व्यावसायिक हा भेद विम्बल्डननं १९६८ मध्ये काढला. त्या वर्षी पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले, बिली जीन किंगला साडेसातशे. बरोबरीची रक्कम मिळायला २००७ साल उजाडलं. हातआरशापासून इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली.

मुंबईची हिरवळ

आपल्याकडे टेनिस छावण्यांतून आणि जिमखान्यांतून आलं. देशी बायकांपर्यंत ते पोचलं ते पहिल्यांदा सधन, शिकलेल्या घरांतून. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई साडी नेसूनच टेनिस खेळत आणि त्यांनी साठाहून जास्त बक्षिसं मिळवली. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीसाठी भारताकडून त्यांचं नाव होतं. याच मेहेरबाईंनी बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी बोलून, फिरून प्रचार केला. त्या होमी भाभांच्या आत्या. १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं त्या गेल्या आणि त्यांच्या नावानं त्या रोगाच्या संशोधनासाठी न्यास उभा राहिला.

दुसरं घर तर अगदी आपल्या वाचनाच्या कपाटातलं आहे. तुकोबांच्या गाथेची सरकारी मदतीनं निघालेली ‘पंडिती’ प्रत आठवते? तिच्या संपादकांपैकी एक शंकर पांडुरंग पंडित. त्यांची मुलगी क्षमा, जन्म पुण्याचा, १८९०. वडील लहानपणीच गेले. लग्न मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झालं. पंडिता क्षमा राव म्हणून त्या ओळखल्या जातात त्या संस्कृत लेखनासाठी. गांधीजींच्या आंदोलनावर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ती १९३२ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं त्यांनी संस्कृत श्लोकांत बांधली. आणि या बाई टेनिसच्या स्पर्धांत उतरत आणि जिंकत! १९२०च्या दशकात मुंबईच्या कोर्टांवर लोकांनी त्यांना खेळताना पाहिलं आहे.

त्यांची मुलगी लीला राव. १९३४ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीत त्यांनी ग्लॅडिस साउथवेलला हरवलं, तेही पहिला सेट गमावून. विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफनं त्यांना हरवलं. देशातली विजेतेपदं त्यांनी कितीदा तरी घेतली. पुढे नृत्यशास्त्रावर ग्रंथ लिहिले, आईच्या कथांवर संस्कृत नाटकं रचली. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनला जिंकते, हे आपल्या मराठी शाळांत कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

या घरात अंगण दगडमातीचं होतं तसं पुस्तकांचंही होतं. आई खेळते, लिहिते आणि मुलगी ते बघते. कुंपण कातरत गप्प राहणारं माणूस तिथं नव्हतं.

माझं अंगण उसनं होतं. वडील एका जिमखान्यात हिशेबनीस. सभासद यायच्या आधी, पहाटे, मुरुमाच्या कोर्टावर माळी पाणी मारून रोलर फिरवायचा आणि चुन्याच्या रेषा आखायचा. क्लबचे मार्कर, म्हणजे सभासदांशी खेळायला ठेवलेले पगारी खेळाडू, मला अर्धा तास चेंडू द्यायचे. साडेसहाला पहिली मोटार फाटकात आली की मी रॅकेट घेऊन कारकुनाच्या खोलीमागे. तो अर्धा तास नसता तर मी आज हा लेख लिहिला नसता. म्हणूनच मला या थोर बायकांचं कौतुक करताना त्यांच्या घराचा उतारा आधी काढावासा वाटतो.

ज्यांना अंगण नव्हतं

हेलन विल्स जग जिंकत होती त्याच काळात अमेरिकेत ओरा वॉशिंग्टन नावाची खेळाडू होती. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या स्पर्धांत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी १९१६ मध्ये आपली वेगळी संघटना काढली होती. तिची एकेरी ओरानं आठ वेळा जिंकली. पोटासाठी ती लोकांच्या घरी घरकाम करायची, शेवटपर्यंत. विल्सशी तिचा सामना कधीच झाला नाही. ज्या घरांच्या हिरवळीवर खेळाडू घडत होत्या, तशा घरांच्या फरशा ती पुसत होती.

तिच्यानंतर अल्थिया गिब्सन. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली गरीब मुलगी. उन्हाळ्यात तिथला एक रस्ता पोलीस वाहनांना बंद करायचे, मुलांना खेळायला. त्या रस्त्यावर ती फळकुटाच्या रॅकेटनं छोटं टेनिस खेळायला शिकली आणि तिथंच कुणाच्या तरी नजरेत आली. १९५० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला प्रवेश मिळाला, तोही ॲलिस मार्बल या माजी विजेतीनं मासिकात लेख लिहून गोऱ्या टेनिसजगाचे कान उपटल्यावर. १९५६ मध्ये फ्रान्स, १९५७ आणि ५८ मध्ये विम्बल्डन. ज्या स्पर्धेत १८८४ पासून पाद्र्यांच्या आणि कापूसवाल्यांच्या मुली खेळत आल्या, तिथं इंग्लंडच्या राणीनं हार्लेमच्या या पोरीच्या हातात विजेतीचं तबक दिलं.

बंद केलेला एक रस्ता. खर्च म्हणाल तर दोन अडथळे आणि एक हवालदार.

म्हणून पालक येऊन मला विचारतात, ‘हिच्यात टॅलेंट आहे का हो?’ तेव्हा मी म्हणते, ते सहा महिन्यांनी सांगते, आधी तिला रोज खेळायला जागा कुठं आहे ते सांगा. आमच्या भागात क्लबच्या कोर्टाचा तासाचा दर कामगाराच्या मुलीला परवडणारा नाही. पण पूर्ण कोर्ट लागतंच कुठं? आठ वर्षांच्या मुलींना ३६ फुटांचं छोटं कोर्ट आणि मऊ चेंडू पुरतो. बास्केटबॉलच्या एका कोर्टावर अशी दोन सहज बसतात. बहुतेक शाळांत असं कोर्ट असतं, आणि सकाळी सात वाजता त्याच्या फाटकाला कुलूप असतं. तुमच्या गल्लीतल्या शाळेच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारून या. जाळी आणि चेंडू आम्ही आणतो.